आईला होता, मग मला होणारच का?

स्तनाच्या कर्करोगावरच्या गेल्या लेखानंतर आलेल्या पत्रांचे सरळ दोन गट पडले. एका गटातल्या बायका घाबरलेल्या आहेत, कारण घरात कुणाला तरी हा रोग झाला होता. दुसऱ्या गटातल्या निर्धास्त आहेत, कारण घरात कुणाला नाही, मुलंबाळं वेळेत झाली आणि अंगावर पाजलंही. मला काळजी दोन्ही गटांची वाटते, दुसऱ्याची जरा जास्तच. निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहे. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : आईला ४१व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला. ती आज ठणठणीत आहे. पुढे मावशीलाही झाला, तेव्हा ती ४७ वर्षांची होती. मी ३४ वर्षांची आहे आणि आता माझी पाळी, असं मनानं घेतलंय. जनुकांची तपासणी करावी म्हणते, पण निकालाच्या भीतीनं धीर होत नाही. मुलगी आठ वर्षांची आहे. तिचीही करावी का? (सांगली)

उत्तर : ताई, आधी आकडे नीट पाहू, कारण भीती नेहमी आकड्यांपेक्षा मोठी असते. ५२ अभ्यासांमधली, सुमारे ५८ हजार रुग्ण स्त्रियांची माहिती एकत्र करून २००१ साली एक मोठा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आई, बहीण किंवा मुलगी यांपैकी एकीला हा रोग झाला असेल तर धोका साधारण १.८ पट होतो आणि दोघींना झाला असेल तर जवळजवळ तिप्पट. ‘तिप्पट’ ऐकलं की पोटात गोळा येतो. पण कशाच्या तिप्पट, हे विचारायला हवं. त्याच अभ्यासानुसार विकसित देशांत, घरात कुणालाच रोग नसलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ८ जणींना वयाच्या ८० वर्षांपर्यंत तो होतो. एका जवळच्या नातलगाला झाला असेल तर हा आकडा १३वर आणि दोघींना झाला असेल तर २१वर जातो. म्हणजे दोघींना झालेल्या घरांतल्याही शंभरातल्या ७९ जणींना तो होत नाही. आपल्याकडे मुळातलं प्रमाण याहून कमी आहे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या २०२०च्या अहवालानुसार भारतात ७४ वर्षांपर्यंत साधारण २९ स्त्रियांमागे एकीला हा रोग होतो.

तेव्हा ‘माझी पाळी’ हा विचार मनातून काढा. मात्र तुमच्या पत्रातल्या ४१ आणि ४७ या वयांकडे मी दुर्लक्ष करणार नाही. आजीला ७५व्या वर्षी झालेला कर्करोग आणि आईला ४१व्या वर्षी झालेला, या दोन्हींचा अर्थ सारखा नसतो. कमी वय आणि एकाच बाजूच्या दोघी, हे दोन्ही एकत्र आलं की आनुवंशिक जनुकदोषाचा विचार करावाच लागतो. एकूण स्तन-कर्करोगांपैकी असे थेट आनुवंशिक फक्त ५ ते १० टक्के असतात. त्यांतले बरेचसे ‘बीआरसीए-१’ आणि ‘बीआरसीए-२’ या दोन जनुकांतल्या बिघाडामुळे होतात. मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी १९९० साली पहिल्या जनुकाची जागा १७व्या गुणसूत्रावर दाखवून दिली. १९९४मध्ये ते जनुक प्रत्यक्ष हाती लागलं आणि पुढच्या वर्षी दुसरंही. पेशीतल्या डीएनएची मोडतोड दुरुस्त करणं हे या जनुकांचं काम. यांपैकी एखादं जनुकच जन्मतः बिघडलेलं असेल तर ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास जाते. शिवाय बीजांडकोशाच्या कर्करोगाची शक्यताही वाढते. ती बीआरसीए-१मध्ये सुमारे ४४ टक्के आणि बीआरसीए-२मध्ये सुमारे १७ टक्के असते. तुमच्या माहेरी कुणाला बीजांडकोशाचा कर्करोग झाला होता का, हेही म्हणूनच विचारून घ्या. जुन्या पिढीत तो नुसता ‘पोटाचा कॅन्सर’ म्हणून सांगितला जायचा.

तपासणीची सुरुवात मात्र आईपासून करा, तुमच्यापासून नको. ज्या व्यक्तीला रोग झाला, तिच्या रक्तात दोष शोधणं सर्वांत उपयोगाचं असतं. आईत दोष सापडला तर तो तुमच्याकडे आला असण्याची शक्यता निम्मी. मग तुमच्या रक्तात नेमका तोच दोष आहे का, एवढंच पाहायचं. तो नसेल तर तुमचा धोका जवळपास इतर स्त्रियांइतका होतो आणि तुम्हाला मोकळा श्वास घेता येतो. आईची तपासणी न करता एकदम तुमची केली आणि काही सापडलं नाही, तर घरात दोषच नाही की आपल्याला सापडला नाही, हे कळायला मार्ग राहत नाही. तिसऱ्याही प्रकारचा निकाल येतो: ‘बदल दिसतोय, पण त्याचा अर्थ अजून ठरलेला नाही.’ अशा कागदावर विसंबून कुणीही शस्त्रक्रिया करून घेऊ नये. निकालांचे हे प्रकार समजावून सांगणारा समुपदेशक तपासणीच्या आधी भेटायला हवा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात त्यासाठी स्वतंत्र जेनेटिक्स क्लिनिक आहे. प्रयोगशाळेत परस्पर रक्त देऊन अहवाल घरी मागवू नका.

आणि समजा, दोष निघालाच. तरी हातात पुष्कळ काही असतं. २५व्या वर्षापासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय आणि ३०नंतर त्याच्या जोडीला मॅमोग्राफी करता येते. मुलं होऊन गेल्यावर, साधारण ३५ ते ४०च्या दरम्यान (बीआरसीए-२मध्ये थोडं उशिरा चालतं) बीजांडकोश आणि नलिका काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. स्तन आधीच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया धोका ९० टक्क्यांनी किंवा त्याहूनही जास्त घटवते. पण ती करायची की दरवर्षी कसून तपासणी करत राहायचं, हा निर्णय त्या स्त्रीचाच असतो. त्यासाठी तिला कुणी घाई करू नये, डॉक्टरांनीही नाही.

आईत दोष सापडला नाही, तरी तुमची नियमित तपासणी सुरू व्हायला हवी. घरातल्या सर्वांत कमी वयाच्या रुग्णाच्या वयातून दहा वर्षं वजा करायची, असा आमचा ढोबळ हिशेब असतो. तुमच्या बाबतीत ते वय ३१ येतं, म्हणजे आत्ताच. मुलीची तपासणी मात्र करू नका. ती अठरा वर्षांची झाली की स्वतः ठरवील. तोवर तिच्या बालपणावर या आजाराची सावली पडू देऊ नका.

प्रश्न : तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, ‘आईकडे कुणाला?’ मी नाही म्हटलं. माझ्या आत्याला ३९व्या वर्षी झाला होता, पण ती तर वडिलांकडची. वडिलांकडचं धरत नाहीत ना? (नाशिक)

उत्तर : धरतात आणि आईकडच्याइतकंच धरतात. पुढच्या भेटीत हे आपणहून सांगा. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून येते. वडिलांना स्वतःला काहीच न होता त्यांच्यातला दोष मुलीकडे जाऊ शकतो. आत्या, आजी (वडिलांची आई) आणि चुलत बहिणी या सगळ्या तुमच्यासाठी आईकडच्या तशाच नातलगांइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

वडिलांच्या बाजूनं दोष लपून राहण्याचं एक कारण साधं आहे: त्या घरात मुलगेच जास्त असले तर रोग दिसायला बायकाच नसतात. अशा वेळी पुरुषांचे आजार विचारावेत. बीआरसीए-२चा दोष असलेल्या पुरुषांत प्रोस्टेटचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग अधिक आढळतो. पुरुषांना स्तनाचा कर्करोगही होतो. एकूण रुग्णांत त्यांचं प्रमाण एक टक्क्याहून कमी असतं, पण कुटुंबात असा एक जरी पुरुष रुग्ण असेल तरी जनुक-तपासणीचा विचार व्हायलाच हवा. तुमच्या आजोबा-काकांना काय झालं होतं, हे वडिलांना बसवून विचारा. आत्याच्या रोगाचे जुने कागद मिळाले तर उत्तम.

प्रश्न : मुलाचं लग्न जवळपास ठरलंय. मुलगी शिकलेली, स्वभावाची गुणी. आता कळलं की तिच्या आईला स्तनाचा कॅन्सर झाला होता. नातेवाईक म्हणतात, स्थळ सोडा. आपला सल्ला हवा. (कोल्हापूर)

उत्तर : स्थळ सोडू नका, काकू. वर दिलेले आकडे पुन्हा वाचा. आईला झाला होता म्हणून मुलीला होईल असं नाही आणि ज्या घरात आजवर कुणाला झाला नाही तिथली मुलगी कायम सुरक्षित राहील असंही नाही. या एका निकषावर सून निवडणं म्हणजे चुकीच्या ठिकाणी खात्री शोधणं.

मला याहून मोठं नुकसान दिसतं ते वेगळंच. लग्नं मोडतील या धाकानं घरोघरी हा आजार लपवला जातो. ‘आईचं ऑपरेशन झालं होतं’ एवढंच मुलींना माहीत असतं. कशाचं, कितव्या वर्षी, हे कुणी सांगत नाही. मग तीच मुलगी चाळिशीत गाठ घेऊन येते आणि तेव्हा आईच्या आजाराचा उल्लेख निघतो. तिला पंधरा वर्षं आधी माहिती असती तर तपासणी वेळेवर सुरू झाली असती. तुमच्या होणाऱ्या सुनेच्या घरच्यांनी ही गोष्ट मोकळेपणानं सांगितली, याचं मोल तुम्ही जाणलं पाहिजे. लग्न आनंदानं करा आणि ती योग्य वयाची झाली की तिच्या वार्षिक तपासणीला तुम्ही स्वतः सोबत जा.

प्रश्न : मी ५८ वर्षांची, अविवाहित, निवृत्त शिक्षिका आहे. शेजारच्या बाई म्हणतात, ज्यांना मूल नाही, ज्यांनी पाजलं नाही, त्यांना हा रोग गाठतोच. यात तथ्य किती? (ठाणे)

उत्तर : मूळ निरीक्षणात तथ्य आहे, ‘गाठतोच’ यात नाही.

अठराव्या शतकाच्या आरंभी इटलीत पदुआ इथे रामाझ्झिनी नावाचे वैद्य होते. कामधंद्यांतून होणारे आजार हा त्यांचा विषय. मठांत राहणाऱ्या जोगिणींमध्ये स्तनाचा कर्करोग इतर बायकांपेक्षा जास्त दिसतो, हे त्यांनी लिहून ठेवलं. मोजमाप मात्र दोनशे वर्षांनी झालं. इंग्लंडमधल्या डॉ. जॅनेट लेन-क्लेपन यांनी १९२६ साली ५०० रुग्ण स्त्रिया आणि ५०० रोग नसलेल्या स्त्रिया यांची तुलना केली. लग्नाचं वय, मुलांची संख्या आणि अंगावर पाजणं या तिन्हींचा रोगाशी संबंध त्यांनी दाखवला. १९७०मध्ये मॅकमोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतली माहिती मांडली. पहिलं मूल अठरा वर्षांच्या आत झालेल्यांमधला धोका, ३५नंतर पहिलटकरीण झालेल्यांच्या जेमतेम एक तृतीयांश निघाला.

आपल्या मुंबईतही हेच दिसलं. १९६३ साली इथे देशातली लोकसंख्येवर आधारलेली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. जसावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदी समाजवार तपासल्या, तेव्हा पारशी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण इतरांहून जास्त आढळलं. उशिरा लग्न, कमी मुलं आणि अविवाहित स्त्रियांची मोठी संख्या ही त्या समाजाची वैशिष्ट्यं होती. पुढे १९८७मध्ये सोलापूर जिल्ह्यात बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. तिथल्या बायकांतलं स्तन-कर्करोगाचं प्रमाण मुंबईहून बरंच कमी निघालं.

याचं कारण शरीराच्या घडणीत आहे. न्हाण आल्यापासून दर महिन्याला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या चढउताराबरोबर स्तनांतल्या पेशींचं विभाजन होत असतं. विभाजन जितकं जास्त, तितकी चुकीला संधी जास्त. पाळी लवकर सुरू होणं आणि उशिरा जाणं यांनी म्हणूनच धोका वाढतो. पाळी एक वर्ष आधी आली तर सुमारे ५ टक्के आणि एक वर्ष उशिरा गेली तर सुमारे ३ टक्के, असा हिशेब २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्ण दिवसांच्या गरोदरपणात आणि नंतर दूध येताना स्तनातली ग्रंथी पक्व होते. तिच्या पेशी नंतर पूर्वीइतक्या सहज बिघडत नाहीत. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचा २००२चा एकत्रित निष्कर्ष असा, की प्रत्येक बाळंतपणामागे धोका ७ टक्क्यांनी घटतो आणि अंगावर पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे आणखी ४.३ टक्क्यांनी.

आता बाई, हे टक्के तुमच्या आयुष्यावर लावून पाहा. मूल न झाल्यामुळे तुमचा धोका दोन-तीन मुलांच्या आईपेक्षा थोडा जास्त आहे, इतकंच. तुमच्यासारख्या बहुसंख्य अविवाहित स्त्रियांना हा रोग कधीच होत नाही. या माहितीवरून कुणी मुलींची लग्नं लवकर लावायची भाषा करू लागलं तर माझा त्याला कडाडून विरोध आहे. कोवळ्या वयातल्या बाळंतपणांनी आपल्याकडे किती जीव घेतले, ते मी विसरू शकत नाही. आयुष्य कसं जगायचं, हे ठरवण्यासाठी हे आकडे नाहीत. तपासणी किती नेमानं करायची, तेवढं त्यांवरून ठरवावं.

तुम्ही ते करा. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८पासून टाटा मेमोरियलनं दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षं मागोवा घेतला. दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं स्तन तपासत. त्यामुळे रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगानं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. तुम्ही नेमक्या याच वयोगटात आहात. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या, मॅमोग्राफीबद्दल त्यांच्याशी बोला आणि वजन आटोक्यात ठेवा. पाळी गेल्यानंतर शरीरातली चरबीच इस्ट्रोजेन तयार करत राहते.

थोडक्यात काही उत्तरं

*गर्भपातामुळे होतो का?* (परभणी) नाही. गर्भपात आपोआप झालेला असो वा करून घेतलेला, त्यानं धोका वाढत नाही, हे १६ देशांतल्या ५३ अभ्यासांच्या २००४च्या एकत्रित विश्लेषणातून दिसलं. इतकी वर्षं मनात ठेवलेला अपराधीपणा सोडून द्या.

*गर्भनिरोधक गोळ्या?* (पुणे) घेत असताना धोका थोडा वाढतो, पण बंद केल्यावर दहा वर्षांत तो राहत नाही. तरुण वयात मुळातला धोकाच फार कमी असल्यामुळे ही वाढही लहान असते. घरात इतिहास असेल तर डॉक्टरांना सांगून मगच गोळ्या सुरू करा.

*टेस्ट ट्यूब बेबीची इंजेक्शनं?* (न्यू जर्सी) नेदरलँड्समध्ये अशा उपचारांनंतर सुमारे एकवीस वर्षं मागोवा घेतला गेला. धोका वाढलेला आढळला नाही.

प्रश्न : बाळ सात महिन्यांचं आहे, अंगावर पितं. डाव्या बाजूला गाठ लागते, दुखत नाही. सासूबाई म्हणतात दुधाची गाठ आहे, जिरेल. महिना होऊन गेला. आजीला (आईची आई) कॅन्सर होता. मी २९ वर्षांची आहे. (फोंडा, गोवा)

उत्तर : हे उत्तर छापून येण्याची वाट पाहायला नको म्हणून तुम्हाला वेगळं कळवलं आहे. इतरांसाठी इथेही लिहितो.

सासूबाईंचा अनुभव खोटा नाही. पाजणाऱ्या बाईच्या स्तनातल्या बहुतेक गाठी दुधाच्याच असतात. पण दुधाची गाठ शेक देऊन, बाळाला नीट पाजून, दूध काढून काही दिवसांत कमी होते. दोन आठवड्यांत न जिरलेली, न दुखणारी गाठ कुठल्याही वयात सोनोग्राफीनं पाहायलाच हवी. गरज वाटली तर सुईनं बायोप्सीही करता येते. सोनोग्राफी किंवा बायोप्सीसाठी बाळाचं दूध तोडावं लागत नाही.

बाळंतपण पुढच्या आयुष्यात रक्षण करतं, पण ते लगेच नव्हे. प्रसूतीनंतरची काही वर्षं धोका उलट किंचित वाढतो आणि साधारण पाच वर्षांच्या सुमारास ही वाढ सर्वांत जास्त असते. उशिरा पहिलटकरीण झालेल्यांत आणि घरात इतिहास असलेल्यांत ती अधिक दिसते. ‘मी तर पाजतेय, मला कसा होईल?’ या समजुतीत मौल्यवान महिने निघून जातात. तुमच्या वयाला ती गाठ साधी असण्याचीच शक्यता जास्त आहे, पण ते सोनोग्राफीनं ठरू द्या. याच आठवड्यात जा.

प्रश्न : मी ५२ वर्षांची. तीन लेकरं झाली, पहिलं एकविसाव्या वर्षी. तिघांनाही दोन-दोन वर्षं अंगावर पाजलं. सासरी-माहेरी कुणालाच हा आजार नाही. तरी मला झाला. ऑपरेशन झालं, केमो चालू आहे. माझं काय चुकलं? (बीड)

उत्तर : तुमचं काहीही चुकलेलं नाही, ताई. हे वाक्य मी दवाखान्यात पुन्हा पुन्हा म्हणतो आणि तरी ते कमीच पडतं.

ज्या २००१च्या अभ्यासाचा वर उल्लेख आला, त्यातलाच एक आकडा फार कमी सांगितला जातो: हा रोग झालेल्या दर नऊ स्त्रियांपैकी आठ जणींच्या आई, बहीण, मुलीला तो नसतो. तुमच्यासारख्याच बहुसंख्य आहेत. भारतात २०२२मध्ये अंदाजे १ लाख ९२ हजार स्त्रियांना नव्यानं हे निदान झालं. त्यांतल्या बहुतेकींनी ‘आमच्यात तर कुणाला नव्हतं’ असंच म्हटलं असणार. बाई असणं आणि वय वाढणं ही या रोगाची सर्वांत मोठी कारणं, आणि ती कुणाच्याच हातात नाहीत. तीन बाळंतपणांनी आणि सहा वर्षांच्या पाजण्यानं तुमचा धोका खरोखरच कमी झाला होता. पण तो शून्यावर कधीच येत नाही. पेशीत चूक होण्यात योगायोगाचाही मोठा वाटा असतो. मागच्या जन्मीचं पाप, कुणाची नजर, पदराचा धक्का, यांपैकी कशाचाही संबंध नाही. घरात कुणी तसं बोलत असेल तर त्यांना हे उत्तर वाचून दाखवा.

तुम्ही आता दोन गोष्टी करू शकता. एक, तुमच्या बहिणींना आणि मुलगी असेल तर तिला सांगा, की आता त्यांच्या घरात इतिहास आहे. तिशीपुढच्या स्त्रियांची स्तन-तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते, ती चुकवू नका म्हणावं. दोन, बायोप्सीचा अहवाल पाहा. त्यात ईआर, पीआर आणि हर-टू असे तीन शेरे असतील. तिन्ही ‘निगेटिव्ह’ असतील तर घरात कुणाला नसतानाही तुमच्या जनुकांची तपासणी करायला डॉक्टर सुचवतील. बीआरसीए-१च्या दोषातून होणारा कर्करोग बहुतेक वेळा याच प्रकारचा असतो. तो कागद लॅमिनेट करून ठेवा आणि त्याची एक प्रत बहिणींकडे द्या.